'नुसती थिअरी' मराठीत कशी लिहायची?

अमेरिकेतल्या डोव्हरच्या खटल्यावर (पालक विरुद्ध स्कूल बोर्ड) मराठीत लिहायला घेतलंय आणि पहिल्याच पानावर गाडी अडलीये. पेनसिल्व्हेनियातलं छोटं गाव, तिथल्या स्कूल बोर्डाने २००४ मध्ये ठरवलं की नववीला उत्क्रांती शिकवायच्या आधी एक निवेदन वाचून दाखवायचं, सायन्सच्या शिक्षकांनी साफ नकार दिला मग जानेवारी २००५ मध्ये प्रशासनातली माणसं वर्गात येऊन वाचून गेली. त्या निवेदनात म्हटलंय की डार्विनची थिअरी ही थिअरी आहे, फॅक्ट नाही. 'सिद्धांत' लिहिलं तर "डार्विनचा सिद्धांत हा सिद्धांत आहे, सत्य नाही" असलं काहीतरी होतं. काय करू?

---

'थिअरी'च ठेवा हो. सिद्धांत म्हणजे पूर्वपक्ष मांडून, खोडून झाल्यावर शेवटी जे टिकतं ते, त्यामुळे "नुसता सिद्धांत" म्हणजे कोर्टाचा "नुसता निकाल" म्हटल्यासारखं. थिअरी मात्र आपणही दोन्हीकडून वापरतो, "माझी एक थिअरी आहे, वॉचमनच टाकीचा व्हॉल्व बंद करतो" हा निव्वळ अंदाज, आणि सापेक्षतेची थिअरी वेगळी. त्या निवेदनाची सगळी चलाखी याच दोन अर्थांत आहे, तुम्ही सिद्धांत लिहिलंत तर ती चलाखीच दिसणार नाही.

---

पण मग 'उत्क्रांतिवाद' पण बंद करा ना. एका बाजूला उत्क्रांतिवाद, दुसऱ्या बाजूला सृष्टिवाद (क्रिएशनिझम, म्हणजे सगळे जीव देवाने निर्माण केले हे मत), म्हणजे वाचणाऱ्याला वाटतं दोन पार्ट्यांचं भांडण चाललंय. क्रिएशनिझमवाल्यांना हेच तर हवं असतं, "वाद आहे, दोन्ही बाजू शिकवा". नुसतं उत्क्रांती पुरतं. (वेदान्तात उत्क्रांती म्हणजे जीव शरीर सोडून जातो ते, पण आता तो अर्थ कुणाच्या डोक्यातही येत नाही.)

---

सृष्टिवाद मला पटत नाही, सृष्टी म्हटलं की झाडं डोंगर पाऊस. निर्मितीवाद म्हणावं तर पिक्चरचा निर्माता आठवतो. मराठी बायबलच्या पहिल्या पुस्तकाचं नाव 'उत्पत्ति', म्हणून उत्पत्तिवाद चालला असता, पण डार्विनचं पुस्तकही प्रजातींच्या उत्पत्तीवरच, झाला का घोळ!

आणि शब्दांचाच विषय आहे तर त्या खटल्यातली गंमत घ्याच. १९८७ मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टाने शाळेत 'क्रिएशन सायन्स' (विज्ञान म्हणून मांडलेला क्रिएशनिझम) शिकवायची सक्ती घटनाबाह्य ठरवली, त्यानंतर डोव्हरच्या निवेदनात सुचवलेल्या पाठ्यपुस्तकाच्या मसुद्यात 'क्रिएशनिस्ट्स' काढून 'डिझाइन प्रपोनंट्स' (डिझाइनचे समर्थक) घालत गेले आणि एका ठिकाणी अर्धवट राहिलं: 'सीडिझाइन प्रपोनंट्सिस्ट्स'. पुढे सी, मागे इस्ट्स, मधे नवीन शब्द कोंबलेला. मसुद्यातली ही शब्दांची अदलाबदल कोर्टात दाखवली गेली. डिसेंबर २००५ मध्ये जज जोन्स यांनी निकाल दिला की 'इंटेलिजंट डिझाइन' (सजीव कुणा बुद्धिमान कर्त्याने घडवले हे मत) हे सायन्स नाही. त्या अर्धवट शब्दाचं भाषांतर करायला जाऊ नका, आहे तसं छापा.

---

आपल्याकडे २०१८ मध्ये सत्यपाल सिंह, तेव्हाचे केंद्रीय राज्यमंत्री, औरंगाबादला म्हणाले होते की डार्विन चुकीचा, माकडाचा माणूस होताना कुणी पाहिलं नाही. बघा, 'नुसता सिद्धांत' वगैरे नाही, डायरेक्ट चूक! आपल्या भाषांत ती पळवाट निघतच नसावी बहुतेक.

---

धन्यवाद सगळ्यांना. तर "डार्विनची थिअरी ही थिअरी आहे, फॅक्ट नाही" असंच ठेवतो आणि लगेच खाली वॉचमनचं उदाहरण टाकतो, चालेल ना? क्रिएशनिझमला सध्या क्रिएशनिझमच. 'उत्पत्तिवाद' आवडला होता खरं तर.