अनुभव धागा : ई-सिगारेटचे सुटे भाग धुणं आणि (मुख्य म्हणजे) वाळवणं

धागाकर्ता

टँक (वाफ होणारं लिक्विड भरायचा भाग) धुवायला पाच मिनिटं लागतात. भानगड होते ती नंतर. जोडल्यावर करपट किंवा पाणचट चव येते, नाहीतर स्क्रीनवर 'चेक ॲटोमायझर' (तापणारा भाग नीट जोडला गेलेला नाही) झळकतं. दहातल्या नऊ वेळा कुठेतरी पाणी अडकलेलं असतं. म्हणून इथे फक्त कामाचं लिहा : कोणता भाग, कशाने धुतला, किती वेळ वाळवला, आणि चुकलं तर नेमकं का चुकतं. सोडावी की नाही, यावरची चर्चा इथे नको.

निथळ

धुण्याआधी दोन गोष्टी ठरलेल्या. टँक मॉडवरून (बॅटरी आणि बटण असलेल्या खालच्या भागावरून) काढून ठेवायचा आणि मॉड पाण्यापासून दुसऱ्या टेबलावर. मॉड, बॅटरी, चार्जिंगचं तोंड यांना पाणी कधीच लावायचं नाही, ओलं फडकंसुद्धा नाही.

दुसरं, टँकमध्ये उरलेलं लिक्विड आधी टिश्यूवर टिपून घ्या. निकोटीन त्वचेतून शोषलं जातं. तेव्हा हातमोजे घाला, आणि ते नसतील तर हात लगेच साबणाने धुवा. ते टिश्यू पिशवीत बांधूनच कचऱ्यात टाका. लहान मुलं आणि कुत्री-मांजरं उघड्या कचऱ्यात तोंड घालतात, आणि त्यांच्या वजनाला थोडं निकोटीनही पुष्कळ होतं. धुण्याची वाटी वेगळी ठेवा, स्वयंपाकाची नको.

सुटं करण्याचा क्रम : ड्रिप टिप (तोंडात धरायचं टोक), वरचं झाकण, काच, मग खालचा बेस उघडून कॉइल (लिक्विड तापवणारी तारेची गुंडाळी). बेस घट्ट बसला असेल तर पक्कड लावू नका, नाहीतर आटे तरी चेपतात, नाहीतर काच तरी फुटते. रबरी हातमोज्याने पकड चांगली मिळते. तरीही हलला नाही, तर बेस दोन मिनिटं कोमट पाण्यात धरा. आट्यांत सुकलेलं गोड लिक्विड विरघळलं की तो सहज फिरतो.

गाळणीवाला

साध्या कोमट पाण्याने काम होतं, कारण लिक्विडमधले दोन्ही मुख्य घटक, प्रॉपिलीन ग्लायकोल आणि ग्लिसरीन, पाण्यात पूर्ण विरघळतात. पाणी हाताला सोसेल इतपतच गरम हवं. उकळतं पाणी गार काचेवर ओतलं तर तडा जाऊ शकतो, आणि प्लास्टिकचे भाग वाकडे होतात ते वेगळंच.

भांड्यांचं लिक्विड एक थेंब पुरे. जास्त घेतलं तर फेस चिमणीत (वाफ वर येते त्या मधल्या नळीत) आणि हवेच्या भोकांत अडकतो आणि पहिल्या झुरक्यांना साबणाची चव येते. चिमणीतून मऊ ब्रश फिरवा, किंवा इअरबड आरपार घाला. कापसाचे धागे मागे राहिलेत का, हे मात्र उजेडात धरून बघा.

वास जात नसेल तर व्हिनेगर एक भाग, पाणी तीन भाग, अर्धा तास, मग खळखळून धुवा. व्हिनेगर आणि खायचा सोडा एकत्र घालायचा सल्ला सगळीकडे फिरतो. त्यात फसफसण्यापलीकडे काही होत नाही, दोघं एकमेकांना मारून टाकतात.

ओ-रिंगवाले काका

ओ-रिंग (सांध्यातून गळू न देणारी रबरी कडी) काढण्याआधी मोबाइलवर फोटो काढा. दोन रिंगा दिसायला सारख्या असतात, पण एक किंचित जाड असते. अदलाबदल झाली की टँक गळतो आणि माणूस कॉइलला दोष देत बसतो.

रिंग काढायला लाकडी किंवा प्लास्टिकची टूथपिक वापरा. टाचणीने कड चिरते आणि चीर डोळ्यांना दिसत नाही, गळती तेवढी दिसते. सिलिकॉनमध्ये वास मुरतो. पुदिना, बडीशेप, दालचिनी हे त्यातले सगळ्यात चिवट. दोनदा धुऊनही वास राहिला तर रिंग बदला. सुटी रिंग मिळते, तिच्यासाठी तासभर घासत बसू नये.

परत बसवताना खाचेत पाणी नको. रिंगेवर त्याच लिक्विडचा एक थेंब बोटाने फिरवा, म्हणजे ती पिळवटत नाही. पेट्रोलियम जेली किंवा खायचं तेल अजिबात नको. जेलीने काही रबरं फुगतात, आणि तेलकट पदार्थ वाफेबरोबर फुप्फुसात जाणं फार वाईट. अमेरिकेत २०१९ मध्ये फुप्फुसांच्या आजाराची जी साथ आली, तिचा संबंध मुख्यतः गांज्याच्या अर्काच्या कार्ट्रिजमधल्या व्हिटॅमिन ई ॲसिटेट या तेलकट पदार्थाशी निघाला होता.

तीन_सात

काका, प्लास्टिकच्या टँकबद्दल एक भर. दालचिनी आणि लिंबूवर्गीय फ्लेवर काही प्लास्टिकला बारीक तडे पाडतात. स्पिरिट किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोलने ॲक्रिलिक पुसलं तरी तेच. धुरकट जाळी दिसली तर ती घाण नाही, भेगा आहेत. घासून जाणार नाहीत.

ओहम_मीटर

आता कॉइल. बाजारात मिळणारी तयार कॉइल, म्हणजे आत लिक्विड शोषणारा कापूस भरून बंद केलेली, धुऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. कारणं अशी.

तारेवर जो काळा थर बसतो तो मुख्यतः गोडव्याचा, बहुतेक वेळा सुक्रालोजचा. तो करपून तारेला घट्ट चिकटतो आणि पाण्याने सुटत नाही. पाण्याने निघतं ते कापसातलं जुनं लिक्विड, आणि तो मूळ प्रश्नच नव्हता. शिवाय आतला कापूस धुताना हलतो, आकसतो, कुठेतरी तारेपासून सुटतो. त्या जागी तार कोरडी तापते आणि जळका वास येतो.

कॉइल जळली आहे का, हे बघायला भोकातून कापूस पाहा. तपकिरी असेल तर नुसता रंग चढलाय. काळा असेल तर टाका, धुण्याचा वेळ वाचवा.

गाळणीवाला

थोडा मतभेद. कॉइल नवी आहे, काळी पडलेली नाही, नुसता फ्लेवर बदलायचाय, अशा वेळी धुणं परवडतं. वाटीभर कोमट पाण्यात कॉइल बुडवा, पाच मिनिटांनी पाणी बदला, पाणी रंगहीन होईपर्यंत. साधारण तीन-चार बदल लागतात. मग नळाची बारीक धार वरून आत सोडा. जोराची धार नको, ओहम_मीटर म्हणतात तसा कापूस हलतो. हे एकदा, फार तर दोनदा. काळ्या कॉइलबाबत त्यांच्याशी शंभर टक्के सहमत.

निथळ

आणि इथेच वाळवणं येतं. धुतलेली तयार कॉइल वाळायला हवेशीर जागी किमान एक दिवस, दमट हवेत दोन. वरून कोरडी दिसते ती धातूची नळी. पाणी असतं आतल्या कापसात.

ओली कॉइल चालवली की काय होतं? पाणी १०० अंशांना उकळतं, प्रॉपिलीन ग्लायकोल १८८ ला, ग्लिसरीन २९० च्या आसपास. म्हणजे बाकीची वाफ होण्याआधी पाणी तडतडून उडतं आणि गरम थेंब थेट जिभेवर येतात. चव पाणचट लागते ती यामुळेच.

शिवाय ग्लिसरीन हवेतलं पाणी ओढून धरतं. कॉइल अर्धवट धुतली असेल तर चार दिवस ठेवली तरी चिकट-ओलसरच राहील. वाळत नाही असं वाटलं तर वाळवण्यात नाही, धुण्यात कसर राहिली आहे.

माझी पद्धत : कॉइल टिश्यूत गुंडाळून तळहातावर दहा-बारा वेळा आपटायची, टिश्यू बदलून पुन्हा. मग भोकं मोकळी राहतील अशी गाळणीत आडवी, पंख्याखाली. दुसऱ्या दिवशी कोरड्या टिश्यूवर जोरात आपटून पाहायची. एक जरी डाग उमटला तर अजून वेळ आहे.

काच आणि धातूचे भाग पुसून तासा-दोन तासांत तयार होतात. पण चार जागा फसव्या आहेत : आट्यांच्या खाचा, ओ-रिंगखालची खाच, हवेचं फिरतं कडं, आणि बेसच्या मधल्या पिनेभोवतीचं इन्सुलेटर. फिरतं कडं निघत असेल तर काढूनच वाळवा. निघत नसेल तर ते पूर्ण उघडं ठेवून बेस उलटा ठेवा.

हेअर ड्रायर चालेल, पण गार हवेवर आणि वीतभर लांबून. ओव्हन, मायक्रोवेव्ह, शेगडीजवळ नाही. तांदळात पुरणं हा प्रकार तर सोडाच. वाहती हवा त्याहून चांगलं काम करते आणि तांदळाची पूड भोकांत जाऊन बसते.

तारकशी

स्वतः गुंडाळलेल्या कॉइलचं शास्त्र वेगळं, तिथे साफसफाई खरोखर होते. पहिला नियम : कापूस आधी पूर्ण काढा. कापसासकट तापवलं तर कापूस जळतो आणि तो धूर कुणी ओढू नये.

कँथल, नायक्रोम आणि स्टेनलेस स्टील ३१६ या तारा तापवून साफ करता येतात. निकेल आणि टायटॅनियम लाल होईपर्यंत तापवायचे नाहीत. टायटॅनियमवर ऑक्साइडचा पांढरट थर येतो आणि फार तापवलं तर ते पेट घेऊ शकतं. कोणती तार आहे हे माहीत नसेल तर तापवू नका.

पॉवर कमी ठेवा. साध्या एकेरी कॉइलला १० ते १५ वॅट पुरतात. एक-दोन सेकंद दाबायचं, सोडायचं, पुन्हा दाबायचं. अंधूक उजेडात तार मंद लाल दिसली की बास. पांढुरकी होईपर्यंत नेली की तार कमकुवत होते. काळा थर राख होऊन सुटतो. गार होऊ द्या, डेक (कॉइल बसवायची बैठक) मॉडवरून काढा, मग नळाखाली मऊ टूथब्रशने घासा. तापलेल्या तारेवर पाणी टाकायची सवय दिसते अनेकांत. त्याने ती कमकुवत होऊ शकते, आणि मॉडवर असतानाच टाकलं तर पाणी खाली कनेक्शनमध्ये उतरतं.

पुसून, वाळवून पुन्हा दोन-तीन छोटे दाब द्या. सगळे वेढे मधून बाहेर एकसारखे उजळले पाहिजेत. एकच वेढा आधी लाल होत असेल तर सिरॅमिक टोकाच्या चिमट्याने हलकेच चाचपा. त्यानंतरच नवा कापूस. तो कॉइलमधून ओढताना किंचित अडकावा, तार वाकू नये.

छोटा_पॉड

पॉडवाल्यांचं (छोट्या उपकरणात खोचायची लिक्विडची डबी वापरणाऱ्यांचं) दुखणं वेगळं. पॉड धुण्याइतकंच, किंबहुना जास्तच, महत्त्वाचं म्हणजे पॉड जिथे बसतो तो खळगा. वाफ गार होऊन तिचे थेंब खाली झिरपतात आणि संपर्कबिंदूंवर चिकट पातळ थर बसतो. थोडं झिरपणं प्रत्येकच पॉडमध्ये होतं, ती गळती नव्हे.

बटण नसलेल्या उपकरणात झुरका ओळखणारा सेन्सर असतो, त्याचं बारीक भोक याच खळग्यात. तिथे ओल गेली की एक तर उपकरण झुरका ओळखत नाही, किंवा ओढल्याशिवाय आपोआप चालू होतं. दुसरी गोष्ट धोक्याची आहे. तसं झालं तर लगेच पॉड बाहेर काढा आणि वेगळा ठेवा.

साफ कसं करायचं : उपकरण उलटं धरून टिश्यूवर दोनदा टिचकी मारा, मग टिश्यूचं टोक पिळून खळग्याच्या कडा टिपा. सेन्सरच्या भोकात काडी, टाचणी, दाबाची हवा काहीही नको. उलटंच रात्रभर राहू द्या. हे दर दोन-तीन भरण्यांनंतर केलं तर बाकीचे त्रास निम्मे होतात. वापरून टाकायची जी उपकरणं असतात ती मात्र उघडू नका, आत लिथियम बॅटरी आहे.

तीन_सात

मॉडचं ५१० कनेक्शन (टँक फिरवून बसवायचं आट्यांचं तोंड) : उपकरण बंद करा, सेल निघत असेल तर काढा. इअरबडवर ९० टक्क्यांहून जास्तीचं आयसोप्रोपिल अल्कोहोल, टपकणार नाही इतकंच. आटे आणि मधली पिन पुसा, दुसऱ्या कोरड्या इअरबडने टिपा. जवळपास ज्योत किंवा जळती काडी नको, आणि वास पूर्ण गेल्यावरच सेल घाला. मधली पिन दाबून खाली ढकलू नका, ती आत बसली की टँक लागूनही संपर्क होत नाही.

सेल काढलाच आहे तर त्याचं प्लास्टिकचं आवरण बघा. वरच्या कडेला फाटलं असेल तर नवं चढवून घ्या, तोवर तो वापरू नका.

ओहम_मीटर

जोडल्यावरची तपासणी राहिलीच. कॉइल टँकमध्ये लावली की स्क्रीनवरचा रोध (विजेला होणारा अडथळा, ओहममध्ये) कॉइलवर छापलेल्या आकड्याशी ताडून पाहा. ०.०२-०.०३ ओहमचा फरक चालतो. आकडा नाचत असेल तर आट्यांत ओल किंवा कचरा आहे. फारच कमी दाखवत असेल तर चालवू नका. आणि भाग कोमट असताना आकडा नोंदवू नका, विशेषतः तापमान-नियंत्रण वापरत असाल तर. त्या पद्धतीत सगळं गणित गार कॉइलच्या रोधावर चालतं.

मग कापसाच्या भोकांवर लिक्विडचे दोन-तीन थेंब, टँक भरा, दहा मिनिटं उभा ठेवा, आणि सुरुवात कॉइलवर लिहिलेल्या वॅटच्या खालच्या टोकापासून.

नवा_सभासद

काच धुतल्यावर पांढरे डाग राहतात. लिक्विडचे की साबणाचे?

गाळणीवाला

दोन्ही नाही, पाण्यातले क्षार आहेत. व्हिनेगरच्या पाण्यात दहा मिनिटं ठेवा, आणि शेवटची विसळण फिल्टरच्या किंवा डिस्टिल्ड पाण्याने करा. काचेवर ते नुसते दिसतात. कॉइलच्या तारेवर राहिले तर तिथेच पुढचा थर लवकर धरतो, त्यामुळे कॉइलसाठी तरी हे पाणी वापराच.