अनुभव धागा: घरच्या रेकॉर्डिंगसाठी जास्त चॅनलचा इंटरफेस कसा निवडलात?

मंडळी, दोन इनपुटच्या इंटरफेसवर (माईक-वाद्यांचा आवाज संगणकात नेणारा डबा) चार वर्षं काढली. गाणं आणि गिटार एवढंच होतं तोवर कधी अडलं नाही. आता घरी तिघंचौघं एकत्र वाजवायला बसतो आणि दर वेळी माईक कुणाला द्यायचा यावरून रुसवेफुगवे. म्हणून मोठा इंटरफेस घ्यायचं ठरवलंय. आठवडाभर माहितीपत्रकं वाचून डोकं भणभणलंय, तेव्हा तक्ते पुन्हा नकोत. तुम्ही काय घेतलंत, कुठे फसलात, आज परत घ्यायची वेळ आली तर आधी काय बघाल, ते लिहा. फसल्याचे किस्से आधी आले तर उत्तम.

सुरुवात माझ्यापासून. फोकसराइटचा स्कार्लेट १८आय८ मी जवळजवळ मागवलाच होता. १८ म्हणजे १८ माईक, असा माझा सरळ हिशोब. मागची बाजू फोटोत मोठी करून बघितली तेव्हा कळलं की माईकचे प्रीअँप, म्हणजे माईकचा क्षीण सिग्नल वाढवणारे, चारच. आणखी चार लाइन इनपुट (कीबोर्डसारख्यांच्या मुळातच मोठ्या सिग्नलसाठी), आठ ऑप्टिकलवरून आणि दोन डिजिटल एसपीडीआयएफचे, असे मिळून १८. खोटं कुणी बोललेलं नाही, पण मी मात्र बेरीज न बघता उत्तर वाचलं होतं.

*

ड्रमवाला बोलतोय, म्हणजे आवाज मोठाच असणार.

आठ प्रीअँपचा रॅकमधला इंटरफेस घेतला. किक, स्नेअर वरून, स्नेअर खालून, तीन टॉम, दोन ओव्हरहेड (ड्रमसेटच्या वर लावलेले), झाले बरोब्बर आठ. पहिल्या दिवशी सगळे लावले, वाजवलं, ऐकलं, तर ड्रमसेट शेजारच्या खोलीत ठेवल्यासारखा. स्नेअरचा एकच फटका आठही माईकमध्ये वेगवेगळ्या वेळी पोचत होता. आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो, म्हणजे फूटभर अंतराला जेमतेम एक मिलिसेकंद. पण तेवढ्यानेही लाटा एकमेकींना खातात. खालच्या माईकची गंमत तर वेगळीच: काठी पडली की स्नेअरचं पान वरच्या माईकपासून लांब जातं आणि खालच्या माईककडे येतं, त्यामुळे दोन लाटा उलटसुलट. तिथे एका लाटेची फेज, म्हणजे वर-खालची दिशा, उलटवावीच लागते. माझ्या इंटरफेसवर त्याचं बटण नाही, सॉफ्टवेअरमध्ये उलटवतो. काही अडत नाही.

आता ड्रमला चारच माईक लावतो. एक दोरी घ्यायची. तिचं एक टोक धाकटा भाऊ स्नेअरच्या मधोमध धरतो (कुरकुरत), दुसरं टोक पहिल्या ओव्हरहेडपर्यंत ताणून मी गाठ मारतो आणि दुसरा ओव्हरहेड त्याच गाठीवर येईल असा सरकवतो. मग किकला एक, स्नेअरला एक. स्नेअर मधोमध ऐकू येतो आणि ड्रमसेट खोलीत परत येतो.

मग आठ इनपुट वाया गेले का? मुळीच नाही. उरलेल्या चारांत बेस, गिटार, गाणाऱ्याचा कच्चा ट्रॅक आणि एक फुकट माईक नुसता ‘थांब, थांब, परत’ म्हणायला. तो आठवा माईक सगळ्यात जास्त वापरला जातो.

*

माझी चूक सगळ्यात बाळबोध, म्हणून लिहितो. इंटरफेस नको, मिक्सरच घेऊ, प्रत्यक्ष वाजवतानाही उपयोगी पडेल, असा विचार केला. बारा चॅनलचा मिक्सर, मागे यूएसबी. तीन तास रेकॉर्डिंग केलं. संगणकावर बघतो तर ट्रॅक दोनच! डावा आणि उजवा. बाराचे बारा आवाज आतच कालवून बाहेर आलेले. बासरी गाण्यावर चढलेली होती, ती आजही तशीच चढलेली आहे.

मिक्सरवर यूएसबी आहे एवढं वाचून थांबू नका. ‘यूएसबीवरून किती चॅनल जातात’ हा खरा प्रश्न. प्रत्येक चॅनल वेगळा पाठवणारे मिक्सर असतात. बेहरिंगरच्या एक्सआर१८ मध्ये १६ माईक प्रीअँप आहेत आणि यूएसबीवरून १८ चॅनल जातात, १८ येतात. मात्र तो ४४.१ आणि ४८ किलोहर्ट्झवरच चालतो (सेकंदाला आवाजाचे किती हजार नमुने घेतो, तो हा आकडा). घरच्या कामाला त्याहून जास्त लागतं असं मला तरी कधी वाटलं नाही.

*

ज्यांना आज चार पुरतात पण उद्याची धास्ती आहे, त्यांनी इंटरफेसच्या त्या ऑप्टिकल, म्हणजे ‘अडॅट’ भोकाला कमी लेखू नये. अडॅट हे नाव अलेसिसच्या १९९० च्या दशकातल्या टेप मशीनचं. ते एस-व्हीएचएस कॅसेटवर आठ ट्रॅक घ्यायचं. यंत्र गेलं, त्याची ऑप्टिकल जोडणी मागे राहिली. एका बारीक केबलमधून ४८ किलोहर्ट्झला आठ चॅनल येतात. ९६ केलंत की चारच, १९२ ला दोन. मी चार प्रीअँपचा इंटरफेस घेतला आणि दोन वर्षांनी आठ प्रीअँपचा वेगळा डबा त्याला ऑप्टिकलने जोडला. पहिला विकावा लागला नाही.

पण पहिले दोन दिवस रडवलं. रेकॉर्डिंगमध्ये काही सेकंदांनी ‘टिक’. मग शांतता. परत ‘टिक’. केबल बदलली, लॅपटॉप पुसून नव्याने लावला, घरातले बाकीचे प्लग काढून पाहिले. निघालं काय, तर दोन्ही डबे आपापल्या घड्याळावर चालत होते. एकाने दुसऱ्याचं घड्याळ मानायला हवं. इंटरफेसच्या सॉफ्टवेअरमध्ये क्लॉक ‘इंटर्नल’ होतं, ते ‘ऑप्टिकल’ केलं. टिकटिक बंद. दोन दिवसांचं काम दोन सेकंदांत झालं. आनंद कमी, चडफडाट जास्त.

*

माझ्याकडे पाच सिंथ (सिंथेसायझर) आहेत, प्रत्येकाचे दोन आउटपुट, म्हणजे दहा तारा. माईक एकही नाही! तरी आठ प्रीअँपचा इंटरफेस घेतला, कारण सगळे तोच घेतात. सिंथला प्रीअँप लागत नाही, लाइन इनपुट लागतो. मी न वापरलेल्या गोष्टीचे पैसे मोजले आणि वर दोन इनपुट कमीच पडले. आधी घरातल्या तारा मोजा, मग दुकानात जा.

*

थेट वाजवणाऱ्यांसाठी लेटन्सीबद्दल, म्हणजे वाजवल्यापासून हेडफोनमध्ये ऐकू येईपर्यंतच्या उशिराबद्दल. आमच्याकडे चौघं हेडफोन लावून वाजवतात. ४८ किलोहर्ट्झला बफर (संगणक एका वेळी घेतो तो नमुन्यांचा गठ्ठा) १२८ ठेवला तर तेवढ्याचाच उशीर साधारण २.७ मिलिसेकंद, २५६ ला ५.३, १०२४ ला २१ च्या वर. यात सिग्नल आत घेण्याचा आणि बाहेर सोडण्याचा वेळ वेगळा धरायचा. गिटारवाल्याला दहा चालून जातात, कारण अँपपासून तीन मीटरवर उभं राहिलं तरी आवाज साधारण तेवढाच उशिरा येतो. गाणाऱ्याचं तसं नाही. त्याचा आवाज हाडांतून त्याला आधीच ऐकू येत असतो, त्यामुळे हेडफोनमधला थोडासा उशीरही त्याला विचित्र लागतो.

म्हणून संगणकात न जाता आतल्या आत ऐकवणारा मिक्सर इंटरफेसमध्ये आहे का, ते बघा. आणि हेडफोनची भोकं किती, एवढ्यावर थांबू नका, वेगवेगळे मिक्स किती ते विचारा. माझ्या पहिल्या इंटरफेसला हेडफोनची भोकं दोन होती आणि दोन्हींत तेच. तबलावाल्याला क्लिक (लय धरायची टिकटिक) मोठी हवी, गाणारी म्हणते क्लिक बंद करा. शेवटी एकाने एक कान उघडा ठेवून रेकॉर्डिंग केलं आणि ती क्लिक गाण्याच्या माईकमध्ये आली.

*

ड्रायव्हर. एवढंच लिहून थांबणार होतो.

माझा जुना फायरवायर (यूएसबीसारखीच एक जुनी जोडणी) इंटरफेस आवाजाला आजही उत्तम आहे आणि कपाटात आहे. कंपनीने नवे ड्रायव्हर काढणं बंद केलं, संगणक बदलला, संपलं. तेव्हापासून मी आधी ‘क्लास कंप्लायंट’ शोधतो, म्हणजे वेगळा ड्रायव्हर न टाकता मॅक, लिनक्स किंवा आयपॅडवर नुसता लावला की चालणारा. विंडोजवर कमी लेटन्सी हवी तर सहसा कंपनीचा स्वतःचा एएसआयओ (कमी उशिराने आवाज पोचवणारा) ड्रायव्हर लागतो, तेव्हा शेवटचा कधी आला ती तारीख घेण्याआधी बघा. शिवाय, यूएसबी २ जुनं झालं म्हणून घाबरू नका. १८ चॅनल, २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ यांचा गुणाकार केला तर सेकंदाला २१ मेगाबिटसुद्धा होत नाहीत. यूएसबी २ चा वेग कागदावर ४८० आहे.

*

आम्ही चौघं गप्पांचा कार्यक्रम ध्वनिमुद्रित करतो. सगळ्यांकडे शुअर एसएम७बी, कारण तो दिसायला रुबाबदार. हा माईक सिग्नल फार क्षीण देतो, त्याला ६० डेसिबलच्या आसपास गेन, म्हणजे प्रीअँपची वाढ, लागतो. आमच्या इंटरफेसचा गेन शेवटपर्यंत फिरवला की बोलणं पुरेसं यायचं, पण मागे पाऊस पडतोय असा खरखराट. चार वेगळे बूस्टर घ्यावे लागले. प्रीअँप चार आहेत का, याइतकंच प्रत्येकाचा गेन किती, हे महत्त्वाचं.

*

लॅपटॉप चार्जरला लावला की गुणगुण, बॅटरीवर काढला की शांत? इंटरफेस बदलायला धावू नका, अर्थिंगच्या दोन वाटा एकमेकींत अडकल्यात. एकाच पॉवर स्ट्रिपवर सगळं आणून आणि बॅलन्स्ड (बाहेरची गुणगुण कापणाऱ्या) केबल वापरून माझ्याकडची गुणगुण गेली.

*

आठ इनपुट म्हणजे आठ केबल, आठ स्टँड आणि त्यावर तंगडी अडकणारी दहा माणसं. बजेटमध्ये धरा.

*

धागाकर्ती परत आलेय. दोन दिवसांत एवढं येईल असं वाटलं नव्हतं. सिंथवाल्यांचं ऐकून काल सगळ्यांना खरंच बसवलं आणि तारा मोजल्या: गाणं १, गिटार १, तबल्याला २, कीबोर्डला २. सहा. त्यातले माईक चार, कीबोर्ड थेट लाइनमध्ये. म्हणजे जो इंटरफेस आकड्याला भुलून घेणार होते, तो निघाला आम्हाला पुरेसा! आता एकच शंका. तबल्यासाठी एक जुना रिबन (आत धातूची पातळ पट्टी असलेला) माईक मिळतोय आणि गाण्याचा माईक कंडेन्सर आहे, त्याला फँटम, म्हणजे इंटरफेसने तारेतून दिलेली वीज, लागणार. दोन्ही एकाच इंटरफेसवर चालतील?

*

फँटम प्रत्येक इनपुटला वेगळं आहे की गटाने, ते आधी बघा. बऱ्याच इंटरफेसवर एकच बटण दाबलं की दोन किंवा चार इनपुटांवर एकदम ४८ व्होल्ट जातात. साध्या डायनॅमिक माईकला नीट जोडलेल्या एक्सएलआरवरून त्याने काही होत नाही. जुन्या रिबनला मात्र वायरिंग चुकलेलं असेल तर तेवढ्यात इजा होते, त्यामुळे तो दुसऱ्या गटात लावा. आणि फँटम बंद केल्यावर लगेच तार ओढू नका, मिनिटभर थांबा. मी थांबलो नव्हतो.