महिना ४० हजार आणि भारतदर्शन फुकट? मग या, चढा गाडीवर

ताडपत्री
काल एका सद्गृहस्थांनी लिहिलं: "ट्रक ड्रायव्हरला महिना ४० हजार मिळतात, राहणं-खाणं गाडीत, वर भारतदर्शन फुकट. तरी स्टेअरिंगवर सगळे यूपी-बिहारचे. आपल्या पोरांना कष्टच नकोत." खाली अंगठ्यांची रांग. अंगठा देणाऱ्यांपैकी किती जणांनी भरल्या गाडीवर चढून रस्सी आवळलीय, हात वर करा.

मी अकरा वर्षं लायनीवर, म्हणजे लांब पल्ल्याच्या ट्रकवर, काढली. शेवटची पाच पिंपळगाव ते गुवाहाटी, कांदा. आता टायरचं दुकान आहे, म्हणून एवढं टाइप करायला वेळ मिळतो. २०१९ चा हिशोब: पगार १४ हजार, भत्ता दिवसाला ४००, तोही गाडी पळत असेल तर. खाली करायच्या लाइनीत चार दिवस उभा राहिलो तर निम्मा. त्याच भत्त्यात माझं आणि किन्नरचं (क्लीनरचं) जेवण, आंघोळ, पार्किंग, 'साहेबांचा चहा'. हातात १७ पडले तरी देव पावला म्हणायचो.

कांद्याला हवा लागते, म्हणून ताडपत्री दोन्ही बाजूंनी गुंडाळून वर ठेवायची. पाऊस आला की सोडायची. सिलिगुडीच्या अलीकडे रात्री दोनला पाऊस फुटला. मी गोण्यांवर, एका हातात मोबाइल दिव्यासाठी, दुसऱ्यात रस्सी, गोणी ओली झाली की पायाखाली साबण होते. ताडपत्री सुटेपर्यंत वरचे दोन थर भिजलेच. गुवाहाटीत सडका माल आणि घट मिळून ३८० किलो निघाला. व्यापाऱ्याने भाड्यातून कापला, मालकाने माझ्यातून.

भारतदर्शन म्हणाल तर कामाख्येच्या डोंगराखालून पाच वर्षं गेलो. वर एकदाही गेलो नाही. गाडी लावणार कुठे?

तीन_गाड्या
आलं, मालक म्हणजे राक्षस. मी फलटणचा, तीन गाड्या, तिन्ही हप्त्यावर. २०१९ चे आकडे आज कशाला? माझा ड्रायव्हर आता ३० नेतो. तरी गेल्या दिवाळीत एकाने हुबळी बायपासला गाडी लावली, चावी ढाब्यावर दिली, फोन बंद. अंगावर १५ हजार उचल. गाडीत दुसऱ्याचा माल. मी एसटीने हुबळीला गेलो आणि स्वतः चालवत आणली. त्याचं कोण लिहिणार?

आणि ताडपत्रीराव, डिझेलबद्दल एक अक्षर नाही तुमच्या हिशोबात. टाकीत किती पडतं आणि इंजिनात किती पोचतं, तेही लिहा की.

डावी_लेन
पगाराचं असेल तसं असेल. एक्स्प्रेसवेला बोरघाटात तिन्ही लेन अडवून एकमेकांना ओव्हरटेक करणारे ट्रक कुठल्या गरिबीमुळे तसं करतात? एक २२ ने चाललाय, दुसरा २४ ने त्याला मागे टाकतोय. मागे अर्धी मुंबई.

ताडपत्री
पुढचा दुसऱ्या गिअरवर आला आणि मी पण त्याच्यामागे दुसऱ्यावर आलो तर वरपर्यंत तिसरा पडत नाही. तुम्ही पाय दाबला की सुटता, आमच्या पाठीवर २८ टन असतात. पण हो, उजव्या लेनमध्ये जायचं कारण नाही. चूक आहे ती.

डावी_लेन
चूक आहे म्हणालात, भरून पावलो. आता उताराचंही होऊन जाऊ द्या. चढावर २२ ने जाणारे हेच बहाद्दर उतारावर न्यूट्रल मारून ९० ने येतात. २० नोव्हेंबर २०२२, नवले पूल. कात्रजच्या नव्या बोगद्यापासूनचा उतार, कित्येक गाड्या चेपल्या. इंजिन बंद करून गाडी सोडली होती, असं तेव्हा पोलिसांकडूनच आलं होतं. माझा मेहुणा त्या रांगेत होता. त्याच्या डिकीची मागची सीट झाली. तो आजही नवले पुलावरून जायचं म्हटलं की वारज्याकडून वळसा घालतो.

ताडपत्री
मेहुणे वाचले हे चांगलं झालं. खरं सांगतो, मीही मारायचो न्यूट्रल. अकराच्या अकरा वर्षं.

आता तीन_गाड्या यांच्या डिझेलचं उत्तर. मालक अ‍ॅव्हरेज बांधून देतो. आमचं ४ चं होतं, लिटरला चार किलोमीटर. गुवाहाटीला अडीच हजार किलोमीटर, म्हणजे ६२५ लिटर. त्यात ३० वाचले तर माझे, त्या भावाने दोन हजार रुपये. कमी पडले तर पगारातून. मध्ये जाम लागो, वळण रस्ता लागो, हेडविंड असो, ६२५ म्हणजे ६२५. मग समोर उतार दिसला की हात आपोआप गिअरवर जातो. दोन हजार म्हणजे पोरीची सहामाही फी होती.

पाना_सोळा
हायवेला गॅरेज आहे, ३० वर्षं झाली. हात जोडून सांगतो, घाटात न्यूट्रलने थेंबभर वाचत नाही. गिअरमध्ये पाय उचलला की चाकंच इंजिन फिरवतात, डिझेल तुटतं. जुन्या पंपाला गव्हर्नर तोडायचा, आता कॉम्प्युटर तोडतो. न्यूट्रलला मात्र इंजिन स्वतःच्या जिवावर चालू ठेवावं लागतं, म्हणजे आयडलिंगचं डिझेल जळतंच. उलटा व्यवहार.

आणि जे दीडशहाणे चावीच फिरवतात, त्यांचा ब्रेकची हवा भरणारा कॉम्प्रेसर बंद, पॉवर स्टेअरिंगचा दगड, एक्झॉस्ट ब्रेक गेला. टाकीत शिल्लक हवा तेवढाच ब्रेक. चार-सहा वेळा पाय मारला की काटा खाली. खंबाटकीचा बोगदा सोडून पुण्याकडे उतरताना एसचं वळण आहे, तिथून उचलून आणलेली एक गाडी माझ्याकडे होती. ड्रम निळे पडलेले, ब्रेकचे लायनर जळून काचेसारखे गुळगुळीत. ड्रायव्हर वाचला होता. माझ्या बाकड्यावर बसून एकच विचारत होता, "मालकाला काय सांगू?"

ताडपत्री
घाटाचं कबूल. पण हायवे म्हणजे नुसता घाट नाही. लांब हलका उतार असतो, गिअरमध्ये ठेवली तर गाडी मरते, परत पाय द्यावा लागतो. न्यूट्रलला दोन-दोन किलोमीटर ओसरत जाते. तिथे वाचतं.

पाना_सोळा
तिथे थोडं वाचत असेल. पण हलक्या उताराची सवय हाताला लागली की घाटात तो हात विचारून थांबत नाही.

चिकित्सक
"थोडं" म्हणजे किती? कुणी मोजलंय का, की नुसतंच ढाब्यावरचं विज्ञान?

ताडपत्री
मोजलंय. अकरा वर्षं, पगारात.

चिकित्सक
छान वाक्य आहे, पुरावा नाही. मूळ मुद्द्यावर यायचं तर तासांबद्दल बोला. १९६१ सालीच मोटर वाहतूक कामगारांचा कायदा झाला, दिवसाला ८ तास, आठवड्याला ४८. पाच किंवा जास्त कामगार असले की लागू व्हायचा, नोव्हेंबर २०२५ मध्ये नव्या श्रम संहितेने त्याची जागा घेतली तोपर्यंत. तीन_गाड्या, तुमचे तीन ड्रायव्हर, तीन किन्नर. किन्नरही त्यात धरलेला. सहा होतात.

तीन_गाड्या
किन्नर ठेवणं परवडायचं बंद झालं त्याला जमाना झाला. तीनच आहेत. तुमच्या कायद्यातून सुटलो.

ताडपत्री
म्हणजे आता रात्री मागे घेताना खाली उतरून "येऊ द्या, येऊ द्या" म्हणायलाही कुणी नाही. आणि डोळा लागला तर कोपर मारायलाही नाही. अभिनंदन.

सातासमुद्रापार
टेक्सासमध्ये राहतो. इथे सलग १० तास सुट्टी झाल्याशिवाय गाडी काढता येत नाही, मग जास्तीत जास्त ११ तास चालवायची. २०१७ पासून तास मोजणारं यंत्र इंजिनालाच जोडलेलं असतं, वहीत खोटं लिहायची सोय नाही. शेजारचा पंजाबी ट्रक चालवतो, दुमजली घर आहे. आपल्याकडे शिस्त नाही हो.

तीन_गाड्या
आले. काका, ११ तास झाल्यावर तो गाडी लावतो कुठे?

सातासमुद्रापार
ट्रक स्टॉपला. संध्याकाळी सातनंतर जागा मिळत नाही, हे मात्र तोही शिव्या घालत सांगतो.

ताडपत्री
चला, गुवाहाटी आणि टेक्सास एक झालं.

तासांवरून आठवलं. ई-वे बिलाला (मालासोबतच्या सरकारी परवान्याला) २०२१ पासून २०० किलोमीटरला एक दिवस धरतात. म्हणजे गुवाहाटीला सरकारी कागद तेरा दिवस देतो. व्यापारी म्हणतो पाचव्या दिवशी सकाळी मंडीत पाहिजे, नाहीतर भाव पडतो. सरकारला जी गाडी चालेल ती व्यापाऱ्याला चालत नाही. मधले आठ दिवस कोण झोपेतून काढतं ते सांगायला नको.

तीन_गाड्या
आणि मला काय, मी व्यापाऱ्याला सांगू की तेराव्या दिवशी येतो? पुढच्या वेळी तो शेजाऱ्याची गाडी भरेल. खाली करताना वाराई, म्हणजे माल उतरवायची हमाली, कोण देतं, तेही विचारा. "ज्याचा माल त्याचा हमाल" म्हणून आमच्या लोकांनी घसा कोरडा केला, तरी पावती न देता पैसे घेतल्याशिवाय गाडीचा मागचा फळका उघडत नाहीत. दिवसभर उभी गाडी, हप्ता मात्र उभा राहत नाही.

डावी_लेन
सगळ्यांची रडगाणी झाली. माणसं चिरडून पळून जातात त्याचं काय? कायदा कडक केला, दहा वर्षांची शिक्षा आणली, तर जानेवारी २०२४ मध्ये संप. मनमाडजवळ पानेवाडीतून टँकर निघेनात, आम्ही पेट्रोलसाठी दोन तास रांगेत. सरकारनेही शेपूट घातलं आणि ते कलम बाजूला ठेवून बाकीचा कायदा लागू केला.

शेवंती
मी इथे फक्त वाचते, पण "पळून जातात" वाचून राहवलं नाही.

माझे वडील २६ वर्षं ड्रायव्हर होते. २००८ साली सोलापूर रोडला एक मोटरसायकलवाला मागून येऊन धडकला. मागून. वडील थांबले, उतरले, त्याला उचलायला वाकले. लोकांनी आधी त्यांना धरलं. मोठी गाडी म्हणजे मोठ्या गाडीची चूक. डावा कान तेव्हापासून ऐकू येत नाही त्यांना. नंतर ते किन्नरला एकच शिकवायचे, काही झालं तर आधी पोलीस स्टेशन गाठ, तिथे जाऊन सांग. हे पळणं आहे की नाही ते दादा तुम्ही ठरवा.

आणि पोरं का येत नाहीत त्याबद्दल. आम्ही लहान होतो तेव्हा बाबा घरी आले की जमिनीवर पूर्ण गादी मोकळी असायची, तरी गुडघे पोटाशी घेऊन आडवे व्हायचे. केबिनमध्ये पाय सरळ होत नाहीत ना. रिटायर होऊन सहा वर्षं झाली, अजून तसेच झोपतात. माझा भाऊ हे बघत वाढला. हेवी लायसन्स काढलं, वर्षभर चालवली. लग्नाचं बघायला लागलो तर "मुलगा काय करतो" ला "लाइनची गाडी" म्हटलं की दुसरा फोन यायचा नाही. बायोडाटावर "ट्रान्सपोर्ट व्यवसाय" लिहिलं, तर भेटीत विचारलं, स्वतःची आहे का? आता चाकणला कंपनीत कंत्राटी आहे, १९ हजार. मागच्या वर्षी लग्न झालं.

डावी_लेन
ताई, वडिलांचं वाचून वाईट वाटलं. मी "सगळे पळतात" असं म्हटलं नव्हतं.

शेवंती
"माणसं चिरडून पळून जातात" असं म्हटलं होतं. वर आहे.

डावी_लेन
बरं. "काही" असा शब्द घालून वाचावा.

चिकित्सक
न्यूट्रलचा प्रश्न मात्र अनुत्तरित राहिला.

पाना_सोळा
तुम्ही या गॅरेजला, बोनेटवर बसवून दाखवतो.

तीन_गाड्या
एक राहिलं. ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या ट्रकच्या केबिनला एसी सक्तीचा आहे. माझी नवी गाडी त्यातली. वाटलं, ड्रायव्हर खूश होईल. पठ्ठ्या काचा खाली करून, मानेला ओला पंचा गुंडाळून चालवतो. विचारलं तर म्हणतो, "मालक, एसीने अ‍ॅव्हरेज पडतं."

ताडपत्री
मग? अ‍ॅव्हरेज कुणी बांधून दिलंय?

तीन_गाड्या
मीच. टोमणा कळला.

ठीक आहे. या गाडीला बांधलेलं डिझेल बंद. पगार तीन हजारांनी वाढवतो, जेवढं लागेल तेवढं कार्डावर. एसी लाव म्हणतो, न्यूट्रल मारू नको म्हणतो. दोन महिन्यांनी आकडे इथेच टाकतो. मी बुडालो तर ताडपत्रीराव, पुढचे सहा टायर तुमच्याकडून उधारीवर.

ताडपत्री
उधारी बंद आहे, तशी पाटी लावलीय दुकानात. हवा भरून देईन, फुकट.