मदत हवी आहे: कॅनन एम५० कॅमेऱ्याला पॉवरबँक की एनपी-एफ (सोनीच्या व्हिडिओ कॅमेऱ्यांची बॅटरी)?

ठाण्यात नाटकाचं शूटिंग आहे, बॅटरी फक्त मध्यंतरात बदलता येईल. कॅमेऱ्याची एलपी-ई१२ बॅटरी (८७५ एमएएच) एक अंकही धड पुरत नाही. ट्रायपॉडजवळ प्लग नाही, म्हणून अ‍ॅडॅप्टर नको.

५ व्होल्टचे ८ करणारी यूएसबी डमी (बॅटरीच्या जागी बसणारी, बाहेरून वीज घेणारी खोटी बॅटरी) पॉवरबँकला लावून पाहिली. स्टँडबायला ठीक, रेकॉर्ड दाबून ऑटोफोकस फिरला की कॅमेरा बंद. पॉवरबँक ५ व्होल्ट, २ अँपिअर, म्हणजे जेमतेम १० वॅट. आखूड केबलनेही तेच. (सलग रेकॉर्डिंगच्या २९:५९ मिनिटांच्या मर्यादेचा हा प्रश्न नाही.)

पीडी (यूएसबीवरून जास्त व्होल्टेज देणाऱ्या) पॉवरबँकचे ९ व्होल्ट बक कन्व्हर्टरने (व्होल्टेज कमी करणाऱ्या सर्किटने) ७.४ वर आणता येतील, पण लोंबणाऱ्या वायरी वाढतात. त्यापेक्षा एनपी-एफ९७० बॅटरी बसवायची प्लेट थेट (साध्या) डमीला बरी वाटते. फुल चार्जला एलपी-ई१२ आणि एनपी-एफ९७० दोन्ही ८.४ व्होल्टच देतात, मग रेग्युलेटर (व्होल्टेज स्थिर ठेवणारं सर्किट) लागेल का? आणि डमीवर कॅमेऱ्यात दिसणारा बॅटरीचा आकडा भरवशाचा नसतो, तर मध्येच बंद पडून रेकॉर्ड झालेली क्लिप बिघडू नये म्हणून किती व्होल्टला थांबायचं?