शब्दचर्चा : जेवता जेवता म्हटलेलं 'करिबु'

टांझानियातल्या दार-एस-सलामला आल्यावर पहिल्या आठवड्यात स्वाहिलीचे जे दहा-बारा शब्द कानावर पडतात, त्यांत 'करिबु' सगळ्यांत आधी येतो. विमानतळावर करिबु, दुकानात करिबु, घराच्या दारात करिबु. पुस्तकात अर्थ दिलेला असतो 'स्वागत', आणि मीही तोच पाठ केला होता.

आमच्या ऑफिसच्या फाटकाशी दुपारी एकच्या सुमाराला दोघे अस्कारी, म्हणजे रखवालदार, उगाली (मक्याच्या पिठाचा शिजवलेला घट्ट गोळा) घेऊन बसत. मी येता-जाता दिसले की हातातला घास तसाच ठेवून म्हणत, 'करिबु'. मी हसून मान हलवायची आणि आत जायची. महिनाभराने एका वयस्क सहकारी बाईंनी मला बाजूला घेऊन विचारलं, "ती माणसं तुला रोज बोलावतात, तू त्यांना उत्तर का देत नाहीस?" मला वाटत होतं, ते मला ऑफिसात 'या, या' म्हणताहेत. ते म्हणत होते, 'या जेवायला'.

हे कळल्यावर मला फार वाईट वाटलं, कारण हा शिष्टाचार माझ्या घरातलाच आहे. आमच्याकडे ताटावर बसलेला माणूस दारात कुणी आलं की 'या जेवायला' म्हणतोच, आणि आलेला 'होऊ द्या, सावकाश होऊ द्या' म्हणतो. स्वाहिलीत याची हुबेहूब जोडी आहे. 'करिबु' किंवा 'करिबु चाकुला' (चाकुला म्हणजे अन्न) असं म्हटल्यावर जेवायचं नसेल तर 'असांते', म्हणजे आभारी आहे, एवढं पुरतं; तोच नकार समजला जातो. 'हापाना', म्हणजे 'नाही', हा शब्द इथे कानाला टोचतो. 'निमेशाकुला' (माझं जेवण झालंय) म्हटलं तरी चालतं. आणि एक सुंदर उत्तर आहे, 'स्तारेहे'. म्हणजे निवांत असा, उठू नका, चालू द्या. आपलं 'सावकाश होऊ द्या' याहून जवळ काय असणार?

'करिबु' मूळ अरबी 'करीब'वरून आला. हिंदी-उर्दूतला करीब तोच. स्वाहिलीतही त्याचा दुसरा अर्थ 'जवळ' असा आहेच. म्हणजे 'करिबु' म्हणणारा खरं तर 'जवळ या' म्हणतो, आणि अनेकांना बोलावायचं तर 'करिबुनी'.

आता कामाचं. इथे नव्याने येणाऱ्या मराठी कुटुंबांसाठी आम्ही चार-पाच जण एक छोटी शब्दसूची करतो आहोत. बहुतेक शब्द इंग्रजी कोशातून मराठीत आले आणि तिथेच चुकले. 'करिबु'चं झालंच. 'म्बोगा'चं त्याहून वाईट. कोशात 'भाजी' आहे. आमच्याकडे आलेल्या एका शाकाहारी पाहुण्यांनी खानावळीत 'न्यामा नको, म्बोगा द्या' असं सांगितलं, आणि समोर उगालीबरोबर मासे आले. खानावळवालीची काहीच चूक नव्हती. 'न्यामा' म्हटलं की तिच्या मनात गाई-बकऱ्याचं मांस. मासे वेगळे, कोंबडी वेगळी. आणि टांझानियात म्बोगा म्हणजे उगालीबरोबर जे काही खायचं ते सगळं. पालेभाजी हवी तर 'म्बोगा झा मजानी' म्हणायला हवं. तर 'म्बोगा'ला मराठीत काय लिहू? 'भाजी' नको आहे.

प्रतिसाद, कोल्हापूर

ताई, कोरड्यास. आमची आजी रोज विचारायची, "आज कोरड्यास काय?" उत्तर वांगं असेल, आमटी असेल, सुकट असेल, झुणका असेल. कोरड्या भाकरीला लावायला जे जे, ते कोरड्यास. शाकाहार-मांसाहाराचा प्रश्नच त्या शब्दात येत नाही.

प्रतिसाद, लुसाका

कोरड्यास वाचून आनंद झाला. इथे झांबियात अकरा वर्षं याच शब्दाला मराठी शोधत होतो. मी नागपूरकडचा, म्हणून कोरड्यास माझ्या बोलण्यात नव्हता.

उगाली आणि म्बोगा अशी ही जोडी आफ्रिकेच्या दक्षिणेकडे पार खालपर्यंत आहे. झांबियात न्शिमा, मलावीत न्सिमा, झिंबाब्वेत साद्झा. मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा तोच. त्याच्याबरोबरच्या पदार्थाला न्यांजा भाषेत 'न्दिवो', बेंबा भाषेत 'उमुनानी', झिंबाब्वेतल्या शोना भाषेत 'उसावी'. इथल्या इंग्रजीत त्याला 'रेलिश' म्हणतात, आणि त्यामुळे बाहेरून आलेल्याला ती चटणी-लोणच्यासारखी बाजूची गोष्ट वाटते. तसं नाही. ताटाचे दोन भाग आहेत आणि दोन्हींना स्वतःचं नाव आहे, जसं आपल्याकडे भाकरी आणि कालवण. युनेस्कोने 2017 मध्ये मलावीच्या न्सिमाला वारशाच्या यादीत घेतलं, ते निव्वळ पिठाच्या गोळ्यासाठी नव्हे, त्याभोवतीच्या सगळ्या रीतीसाठी.

अजून एक. सकाळपासून मका, भुईमूग, रताळी, पाव असं काय काय खाऊन झालेला माणूस इथे म्हणतो, 'मी अजून जेवलो नाही', कारण न्शिमा पोटात गेलेली नसते. याचं इंग्रजी करायला गेलं की माणूस खोटं बोलतोय असं वाटतं. मराठीत काही अडचणच नाही : खाल्लंय, पण जेवलो नाही. आपल्या कोकणातल्या माणसाचं भाताशिवाय तेच होतं.

धागाकर्ती

दोघांचे आभार. 'तोंडीलावणं' मी लिहिणार होते, पण लुसाकाकर म्हणतात तीच अडचण. तोंडीलावणं डावीकडे वाढतात. सूचीत 'कोरड्यास, कालवण' असं लिहिते.

ताटाभोवतीचे आणखी काही शब्द जुळले ते देते. 'तोंगे' म्हणजे उगाली-भाताचा बोटांनी वळलेला घास. 'किपोरो' म्हणजे रात्रीचं उरलेलं, सकाळी खायचं, आपलं शिळं. 'उकोको' म्हणजे भाताच्या पातेल्याच्या तळाशी धरलेला खरपूस थर, त्याला आमच्याकडे खरवड म्हणतात. आणि धुण्याची क्रियापदं बघा : कपड्यांना 'कुफुआ', भांड्यांना 'कुओशा', अंगाला 'कुओगा', पण जेवणाआधी हातांना 'कुनावा'. घरातलं लहान मूल किंवा तरुण मुलगी तांब्या आणि घंगाळ्यासारखं भांडं घेऊन पाहुण्यापुढे येते, पाहुण्याने जागेवरून न उठता फक्त हात पुढे करायचे. पहिल्यांदा मी उठून मोरीकडे जायला निघाले, ते यजमानांना आवडलं नव्हतं. जेवणानंतरच्या हात-तोंड धुण्याला आपल्याकडे 'आंचवणे' हा खास शब्द आहे. आधीच्याला आहे का?

प्रतिसाद, अदिस अबाबा

आधीच्याला मला तरी माहीत नाही. मी इथल्या 'गुर्शा'बद्दल लिहिते, कारण तो शब्द मला मराठीतूनच समजला.

इथिओपियात सगळे एका मोठ्या थाळीभोवती बसतात. खाली टेफ या धान्याच्या पिठाची इंजेरा (मोठी मऊ पोळी) पसरलेली, वर कालवणांचे ढीग. उजव्या हाताने इंजेरा तोडायची, कालवण त्यात धरायचं आणि खायचं. मधेच शेजारची व्यक्ती एक मोठा घास बांधते आणि तुमच्या तोंडाशी धरते. हा गुर्शा. बाहेरच्या बहुतेकांना यात घुसमटायला होतं. मोठ्या माणसाला कुणी कसं भरवेल, असं वाटतं. मला वाटलं नाही. घास भरवणं म्हणजे काय ते आपल्याला शिकवावं लागत नाही. आई भरवते, लग्नात नवरा-नवरी एकमेकांना भरवतात. इथे तेच सहकारी करतात, सासू करते, आज पहिल्यांदा भेटलेला यजमान करतो. घास जेवढा मोठा तेवढी माया मोठी. नाही म्हणायचं नसतं. अम्हारिकमध्ये बक्षिसीलाही, म्हणजे वेटरला वर दिलेल्या पैशांनाही, गुर्शाच म्हणतात.

अडचण आली ती 'उष्टं' या शब्दापाशी. माझ्या मनात उष्ट्याची रेघ इतकी पक्की होती की पहिले सहा महिने मी थाळीतल्या माझ्यासमोरच्या कोपऱ्यातच खात होते. मैत्रिणीला कारण सांगायला गेले तर शब्द सापडेना. खरकटं नाही, उरलेलं नाही, घाण नाही. नुसता दुसऱ्याच्या तोंडाचा स्पर्श. अर्धा तास बोलल्यावर ती म्हणाली, "पण म्हणूनच तर आम्ही बोटं चाटत नाही." मग लक्षात आलं, तिच्याकडे शब्द नव्हता तरी रेघ होती. आपण पदार्थ आवडला की बोटं चाटतो. इथे थाळी सगळ्यांची, तोंडाला लागलेलं बोट परत तिच्यात जाणार, म्हणून ते असभ्य. घास भरवणाराही बोट ओठांना लागू नये इतक्या सफाईने भरवतो. मी सहा महिने जी काळजी करत होते ती तिच्या लोकांनी आधीच घेतलेली होती.

शाकाहारी मंडळींनी बुधवारी, शुक्रवारी यावं. ऑर्थोडॉक्स ख्रिश्चनांचा त्या दिवशी 'त्सोम' असतो, म्हणून 'येत्सोम अले?' (उपासाचं आहे का?) एवढं विचारलं की ताट मिळतं. त्यात 'शिरो' मागा. हरभऱ्याच्या पिठाचं, मसालेदार, अगदी पिठलं. पण त्सोमला 'उपास' म्हणताना जपा. आपल्या उपासाला दूध, दही, तूप चालतं. त्सोमला मांस-अंड्यांबरोबर दूधही वर्ज्य.

प्रतिसाद, पुणे

चर्चा छान चालली आहे, पण 'करिबु' आणि 'या जेवायला' यांच्याबद्दल एक शंका. आपल्याकडे 'या जेवायला' ही निव्वळ म्हणण्याची पद्धत झाली आहे. कुणी खरंच येऊन बसलं तर घरातली बाई घाबरते. मग तिकडचं आमंत्रण खरं आणि आपलं पोकळ, असा फरक नाही का? दोन्हींना समान अर्थ देणं बरोबर वाटत नाही.

धागाकर्ती

मला हे मान्य नाही, आणि हा मुद्दा सोडावासाही वाटत नाही. 'या जेवायला' म्हणणाऱ्याला माहीत असतं की दहातल्या नऊ वेळा समोरचा 'होऊ द्या' म्हणेल. अस्कारींनाही माहीत होतं. म्हणून शब्द पोकळ होत नाही. तो म्हणण्याचा अर्थ असा, की मी खातोय आणि तू उपाशी उभा आहेस हे मला दिसलं. दहाव्या वेळी कुणी खरोखर भुकेला असतो आणि त्याला मागावं लागत नाही. सहकारी बाईंनी मला सांगितल्यावर मी एक दिवस हात धुऊन त्या दोघांशेजारी बसले. उगाली दोघांपुरतीच होती. त्यांनी तिचे तीन भाग केले, काही बोलले नाहीत. आमच्या आजोळीही पाहुणा बसला की आमटीत पाणी वाढायचं.

फरक असेल तर तो शहर आणि गाव यांतला असावा. नैरोबीतल्या बहुमजली ऑफिसात डबा उघडून कुणी दर येणाऱ्याला 'करिबु' म्हणत बसत नाही.

प्रतिसाद, अक्रा

घानाच्या इंग्रजीतही हेच आहे. जेवणारा माणूस तुम्हाला पाहून 'यू आर इन्व्हायटेड' म्हणतो. नवखा विचारतो, कशाला, केव्हा? ते 'या जेवायला' आहे.

इथे 'चॉप' म्हणजे खाणे. चॉप बार म्हणजे साधी खानावळ. आणि पैसे 'चॉप' करणं म्हणजे पैसे खाणं. स्वाहिलीत 'कुला रुश्वा' म्हणजे लाच खाणं. पैसे सगळीकडे खाल्लेच जातात असं दिसतं. फुफु (उगालीसारखाच घट्ट गोळा) मात्र खाताना चावायचं नाही, गिळायचं. नायजेरियात तर अशा गोळ्यांच्या सगळ्या पदार्थांना मिळून 'स्वॅलो' असंच नाव आहे.

प्रतिसाद, कंपाला

उशिरा लिहितोय. इथल्या लुगांडा भाषेतला एक प्रयोग सूचीत हवाच : 'वेबाले कुफुम्बा'. जेवण झाल्यावर स्वयंपाक करणाऱ्या व्यक्तीला हे म्हणतात. शब्दशः, रांधल्याबद्दल आभार. पदार्थ चांगला झाला की नाही याच्याशी त्याचा संबंध नाही. खारट झालं असलं तरी म्हणायचं, कारण कौतुक कामाचं आहे. रांधणारी बाई उलट जेवल्याबद्दल तुमचे आभार मानते.

मराठीत मला याची जोडी सापडत नाही. 'अन्नदाता सुखी भव' आहे, पण त्यात आशीर्वाद अन्न देणाऱ्याला जातो, आणि आपल्या घरांत तो बहुतेक वेळा कमावणारा पुरुष समजला जातो. चुलीशी उभी राहिलेली बाई त्यात कुठे आहे? 'छान झालं होतं' म्हणतो आपण, तेही झालं तर.

शोना माणसं खाण्याआधी 'पामुसोरोयी' म्हणतात, सोबतची 'इद्याई' (जेवा) म्हणतात, ते तुमच्या 'सावकाश होऊ द्या'त बसेल. 'पोट भरलं'ला तिकडे 'न्दागुता', स्वाहिलीत 'निमेशिबा'. हे जेवणाने तृप्त होण्यापुरतं वेगळं क्रियापद आहे. पेला भरला, पिशवी भरली, तिथे ते चालत नाही. जुन्या मराठीत 'धाणे' होतं : जेवून धालो. सूचीत तो शब्द टाकाल का?

धागाकर्ती

'धालो' टाकते, पुढे कंसात 'पोट भरलं' लिहून, नाहीतर मुलांना कळणार नाही.

'वेबाले कुफुम्बा'वर काल दिवसभर विचार केला. आईला फोन करून विचारलं, तुझ्या माहेरी जेवून उठताना बायकांना कुणी काय म्हणत असे? ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "काही नाही. ताट चाटूनपुसून स्वच्छ असलं की कळायचं." सूचीत त्या शब्दापुढची जागा सध्या कोरी ठेवली आहे. कुणाच्या बोलीत असेल तर जरूर लिहा, वऱ्हाडी, अहिराणी, मालवणी, कुठलीही चालेल.