१० × १० च्या खोलीत स्केल मॉडेलचं टेबल: स्प्रे बूथ, कॉम्प्रेसर आणि पावसाळा

पंखपाती (प्रश्न)
१:७२ ची (खऱ्याच्या ७२व्या हिश्श्याएवढी) प्लास्टिकची विमानं आणि १:३५ चे रणगाडे बनवतो. रंगकाम आतापर्यंत ब्रशने, आता एअरब्रश (दाबलेल्या हवेने रंग फवारणारं पेन) घ्यायचा आहे. फ्लॅट ठाण्यात. खोली १० × १० फूट, छत साडेनऊ फुटांवर, एसी आहे. टेबल ४ × २ फूट. एका भिंतीला तीन ट्रॅकची स्लायडिंग खिडकी, म्हणजे दोन काचा आणि एक जाळी. बाल्कनीला कबुतरांची जाळी आहे आणि तिथे कपडे वाळतात. घरात सहा वर्षांची मुलगी आहे. टेबलाची मांडणी कशी करावी? स्प्रे बूथ (रंगाची वाफ पंख्याने बाहेर ओढणारं खोकं) खरंच लागतो का, की बाल्कनीत स्प्रे केला तरी चालेल? पावसाळ्यात रंगकाम बंदच ठेवावं लागतं का?

सँडपेपर_६००
बाल्कनी विसरा. वाऱ्याने स्प्रे अर्ध्या वाटेतच सुकतो, पृष्ठभाग खरखरीत होतो, आणि कबुतरांची पिसं व धूळ ओल्या रंगात बसते ती वेगळीच. बूथ हवाच. सगळ्या मांडणीची सुरुवातही तिथूनच करा. बहुतेक जण आधी टेबल, कप्पे, रंगांचे स्टँड लावतात आणि मग पाइप बाहेर कुठून काढायचा ते शोधतात. तुमचं टेबल कुठे असेल ते खिडकी ठरवणार.

बूथचं तोंड ४० × ३० सेंमी धरा. तोंडाशी हवेचा वेग साधारण सेकंदाला अर्धा मीटर हवा. ०.१२ चौरस मीटर गुणिले ०.५, म्हणजे तासाला २१६ घनमीटर. पंख्याच्या खोक्यावर लिहिलेला आकडा मोकळ्या हवेतला असतो. फिल्टर, पाइप आणि वळणांमुळे त्यातला बराच भाग जातो, म्हणून ३५० ते ४०० घनमीटरचा ६ इंची इनलाइन (पाइपच्या मधे बसणारा) पंखा घ्या. बाथरूमचा साधा पात्यांचा एक्झॉस्ट इथे चालत नाही. समोर फिल्टर आला की पाती फिरत राहतात, पण हवा ओढली जात नाही. मोटर ब्रशवाली नको. मोटरमधल्या कार्बन ब्रशशी ठिणग्या उडतात आणि त्याच हवेत थिनरची वाफ असते.

खिडकीसाठी काच फोडायची गरज नाही. एक काच ८ इंच सरकवा आणि त्या फटीत बसेल अशी पूर्ण उंचीची एसीपी शीटची (ॲल्युमिनियमचे पत्रे चिकटवलेल्या प्लास्टिकच्या तक्त्याची) पट्टी ॲल्युमिनियमवाल्याकडून करून घ्या, कडेला रबर बीडिंग लावून. तिच्यात बूथच्या उंचीवर ६ इंची भोक. बाहेरून खाली तोंड केलेली टोपी आणि बारीक जाळी लावा, नाहीतर पाऊस आत येईल आणि कबुतरं घरटं करतील. पाइप दीड मीटरच्या आत ठेवा, पूर्ण ताणून बसवा आणि बाहेरच्या बाजूला किंचित उतार द्या. चुण्या पडलेला फ्लेक्सिबल पाइप पंख्याची निम्मी मेहनत खातो.

आता १२० सेंमीची वाटणी: खिडकीकडे बूथला ४५, मधे A3 कटिंग मॅटला ४५, उरलेल्या ३० मध्ये रंग आणि हत्यारं. खुर्ची चाकांची घ्या. बूथसमोर तिरकं बसून स्प्रे केला की हात अवघडतो आणि थर एका बाजूला जाड पडतो. सँडिंग मात्र मॅटवरच, ओल्या सँडपेपरने, ४०० नंबरपासून १००० पर्यंत. कोरडी भुकटी उडाली की ती थेट प्रायमरवर (रंगाआधीच्या अस्तरावर) जाऊन बसते. रेझिनचे भाग घासताना पाणी आणि एन-९५ मास्क दोन्ही.

दवबिंदू
वरचं सगळं पटतं, पण पावसाळ्याचा हिशेब त्यात राहिला. खोली सुमारे २७ घनमीटरची आहे. तासाला २१६ घनमीटर बाहेर फेकणारा पंखा साडेसात मिनिटांत पूर्ण खोलीइतकी हवा बाहेर काढतो. तेवढीच हवा कुठून तरी आत येणार, आणि जुलैत ठाण्यात ती दमटच असते. एसी तासभर ड्राय मोडवर चालवून मिळवलेला कोरडेपणा दोन-तीन भाग रंगवेपर्यंत संपतो.

लॅकरला (तीव्र थिनरच्या, झटपट सुकणाऱ्या रंगाला) हे फार बाधतं. थिनर झपाट्याने उडतो, पृष्ठभाग गार पडतो, हवेतलं बाष्प त्यावर जमतं आणि ग्लॉस काळ्यावर दुधाळ पांढरट झाक येते. आर्द्रतामापक टेबलावर ठेवाच. ६५ टक्क्यांच्या वर लॅकरचा ग्लॉस किंवा क्लिअर कोट मारू नका. मारायचाच असेल तर रिटार्डर असलेला थिनर वापरा, म्हणजे तो हळू उडतो. बदली हवा खिडकीतून न घेता दाराची फट ठेवून घराच्या आतल्या, एसी चालू असलेल्या भागातून घ्या. दोन-तीन मिनिटं स्प्रे, वाफ जाईपर्यंत पंखा चालू, मग पंखा बंद आणि भाग झाकणाच्या डब्यात.

कॉम्प्रेसर: ३ लिटर टाकीचा, बिनतेलाचा पिस्टनवाला. टाकी नसलेल्यात हवा धक्क्याधक्क्याने येते आणि बारीक रेघ थरथरते. ०.३ मिमी नोझल, ॲक्रिलिकसाठी १५ ते २० पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) पुरे. हवा दाबली की गरम होते आणि पुढे पाइपमध्ये गार होऊन पाणी सोडते. त्यामुळे कॉम्प्रेसरलाच चिकटलेला मॉइश्चर ट्रॅप (हवेतलं पाणी अडवणारी बाटली) पावसाळ्यात अपुरा पडतो. मधे ३ मीटरचा पाइप ठेवून एअरब्रशजवळ दुसरा छोटा ट्रॅप लावा. टाकीच्या तळाचा नट प्रत्येक बैठकीनंतर सोडून पाणी काढा. कॉम्प्रेसरखाली जाड रबर मॅट हवी, नाहीतर खालच्या मजल्याला घरघर ऐकू जाते.

पंखपाती
म्हणजे मुलीचा आणि पावसाळ्याचा विचार करता पाण्याचं ॲक्रिलिकच घेऊ का? मग मास्क लागेल का? आणि थिनर ठेवायचा कुठे?

स्प्रू_निपर
सुरुवातीला ॲक्रिलिकच घ्या, पण एक लक्षात ठेवा: तामियाचे एक्स आणि एक्सएफ रंग ॲक्रिलिक म्हणून विकले जातात तरी त्यांत अल्कोहोल असतं आणि वासही येतो. व्हॅलेहो पाण्यावरचा आहे. तो नोझलच्या टोकाशी सुकतो, म्हणून कपात एक-दोन थेंब रिटार्डर टाका आणि अधूनमधून ओल्या कापसाच्या काडीने टोक पुसा. ॲक्रिलिक असलं तरी स्प्रेचे कण फुप्फुसात जातात, तेव्हा एन-९५ तरी लावाच. लॅकर किंवा इनॅमलला एन-९५ उपयोगाचा नाही, वाफ त्यातून आरपार जाते. त्यासाठी सेंद्रिय वाफा शोषणाऱ्या कार्ट्रिजचा, नाक-तोंड झाकणारा अर्धा रेस्पिरेटर. वापरून झाला की झिपच्या पिशवीत बंद करा, उघडा राहिला तर कार्ट्रिज घरातली हवा शोषूनच संपतं.

थिनर कुलपाच्या लोखंडी कपाटात, खालच्या कप्प्यात. टेबलावर फक्त त्या दिवसापुरती छोटी काचेची बाटली. देवघर त्याच खोलीत असेल तर समई-उदबत्ती आणि लॅकर एका वेळी कधीच नको. रंग कालवायला पार्टीचे पारदर्शक प्लास्टिक ग्लास घेऊ नका. ते बहुधा पॉलिस्टायरीनचे असतात, म्हणजे किटच्याच प्लास्टिकचे, आणि लॅकर थिनरने विरघळतात. स्टीलच्या छोट्या वाट्या उत्तम.

उजेडाबद्दल कुणी बोललं नाही. छतावरची एकच ट्यूब पाठीमागून येते आणि कामावर तुमचीच सावली पडते. दोन्ही बाजूंना एकेक दिवा, ५००० केल्व्हिन (पांढरा उजेड), सीआरआय (रंग किती खरे दिसतात त्याचा १०० पैकी आकडा) ९० च्या वर, आणि बूथमध्ये तशीच पट्टी. स्वस्त निळसर एलईडीखाली जुळवलेला करडा रंग उन्हात हिरवट दिसतो.

बाकी किरकोळ: टेबलाच्या पुढच्या कडेला क्लिपांनी पांढरं कापड लावून दुसरं टोक मांडीवर घ्या, निपरने (सुटे भाग कापायच्या पकडीने) उडालेला तुकडा त्यातच पडतो. व्हॅलेहोच्या बाटल्यांच्या स्टँडला २६ मिमीची भोकं. काचेच्या बरण्यांचे आटे प्रत्येक वेळी पुसा, नाहीतर झाकण कायमचं चिकटेल. डिकल (पाण्यात भिजवून लावायची चिन्हांची स्टिकरं) आणि उघडलेला सुपरग्लू हवाबंद डब्यात सिलिका जेलसोबत. न उघडलेला सुपरग्लू फ्रिजमध्ये, पण बाहेर काढल्यावर खोलीच्या तापमानाला आल्याशिवाय उघडू नका, आत दव जमून तो घट्ट होतो.

सँडपेपर_६००
दवबिंदूंचा हिशेब बरोबर आहे, जून ते सप्टेंबर लॅकर ग्लॉस बाजूला ठेवा. या काळात जोडणी, पुट्टी, सँडिंग आणि ॲक्रिलिकचे मॅट थर होतात, फक्त दोन थरांमध्ये जास्त वेळ सोडावा लागतो.

बूथ बसवल्यावर एक तपासणी करा. टिश्यू पेपरची बोटभर पट्टी तोंडाच्या चारही कोपऱ्यांत धरून बघा, ती आत ओढली गेली पाहिजे. खालचा एखादा कोपरा ढिला निघाला तर फिल्टरच्या मधोमध पुठ्ठ्याचा तुकडा लावा, मग हवा कडेने ओढली जाते. हीच पट्टी दर पंधरा दिवसांनी धरा. ओढ कमी झाली की फिल्टर बदला, तो वरून स्वच्छ दिसत असला तरीही. आणि स्प्रे करताना छताचा पंखा बंद.