शूटिंगच्या बॅकअपला टेप घेऊ का? हार्ड डिस्कनं दगा दिलाय

सांगली_शूटिंगवाला:
नमस्कार मंडळी, लग्नाच्या शूटिंगचा धंदा आहे आमचा, वडलांपासून. परवा ४ टीबीची हार्ड डिस्क टकटक करायला लागली आणि गेलीच, आख्खा एक सीझन त्यात, नशीब पार्ट्यांना पेनड्राइव्ह देऊन झाले होते. एक जण म्हणतोय एलटीओ टेप (कंपन्या बॅकअपला वापरतात ती डेटाची कॅसेट) घे, ३० वर्षं बघायला नको. पण वडलांच्या मिनीडीव्हीच्या टेपा (जुन्या व्हिडिओ कॅमेऱ्याच्या छोट्या कॅसेट) आहेत कपाटात, कॅसेटच्या खिडकीतनं बघितलं तर रिळाच्या कडेला पांढरी बुरशी, पापडावर येते तशी. जुना एलटीओ-५ ड्राइव्ह (टेप लिहायचं-वाचायचं मशीन, पाचव्या पिढीचं) स्वस्तात मिळतोय, घेऊ का?

साताऱ्याचा_आयटीवाला:
टेप टिकते हो, ड्राइव्ह टिकत नाही. आमच्या पतसंस्थेत एलटीओ-२ च्या टेपा अजून ठणठणीत असतील, पण ड्राइव्ह भंगारात गेला, आता त्या टेपा म्हणजे किल्ली हरवलेली तिजोरी. एलटीओ-५ ची टेप एलटीओ-७ च्या ड्राइव्हपर्यंतच वाचता येते, ८ पासनं नाही, आणि ३० वर्षं म्हणतात ती १६ ते २५ डिग्रीत, ओलावा ५० टक्क्यांच्या आत ठेवली तर, आपल्या आषाढात नाही. अजून एक, पाकिटावर ३ टीबी लिहिलेलं असतं ते कॉम्प्रेस करून, व्हिडिओ काय अजून दाबला जात नाही, दीडच धरा. यूएसबीला पण लागत नाही, ड्राइव्ह जोडायला कॉम्प्युटरात सॅस कार्ड घालून घ्यावं लागेल. बाकी टेप वाईट नाही राव, २०११ ला जीमेलच्या काही लोकांचे मेल उडाले होते ते गूगलनं टेपवरनंच परत आणले.

कृष्णाकाठ:
बुरशीची टेप कॅमेऱ्यात घालू नका!! टेप वाचणाऱ्या हेडला लागली की पुढची चांगली टेप पण गेली. आणि काय घ्यायचं ते घ्या पण दोन कॉप्या करा, एक नदीपासनं लांब. २०१९ च्या पुरात आमच्या दुकानात छातीएवढं पाणी, मूळ डिस्क आणि बॅकअप दोन्ही एकाच कपाटात, खालच्या खणात. आता एक कॉपी विट्याला मावशीच्या लोखंडी कपाटात असते, साड्यांखाली.

सांगली_शूटिंगवाला:
ड्राइव्ह कॅन्सल, दोन डिस्कच घेतो. आधी मिनीडीव्हीतल्या चांगल्या टेपा उतरवतो, तासाच्या टेपला तासच लागतो, १३ जीबी होतात साधारण. मिरजेत कुणाकडं फायरवायरवाला (असल्या कॅमेऱ्याची वायर लागते ते पोर्ट असलेला) जुना लॅपटॉप आहे का? भाडं देतो.